अजिबात खरखर नाही

माझ्या भावाला माणसांपेक्षा माईक जास्त कळतात, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे त्याची बाजू घ्यायला कोणी येणार नाही. सभा-समारंभांना माईक आणि स्पीकर भाड्याने देणं हा दादाचा धंदा, आणि नेणाऱ्यांना मागाहून शिव्या घालणं हा छंद. परत आलेला प्रत्येक माईक तो आधी नाकाशी धरतो. जाळीच्या वासावरून कोण बोललं ते सांगतो. "हे अध्यक्ष. लसूण." मग जाळी फिरवून काढायची, तिच्या आतला स्पंज काढायचा, दोन्ही कोमट साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने घासायचे, आणि पूर्ण, म्हणजे अगदी पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवायचे नाहीत. स्वतःचे दात त्याने कधी इतक्या निगुतीने घासले असतील असं मला वाटत नाही.

तर हा दादा त्या दिवशी दुपारी एक वाजता दोन पेट्या घेऊन आमच्या घरी आला, कारण मला माईक हवा होता. आणि माईक हवा होता, कारण मला लिफ्ट व्हायचं होतं.

म्हणजे लिफ्टचा आवाज. एका लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीला नव्या लिफ्टमध्ये बोलणारी बाई हवी होती. तळमजल्यापासून चोविसाव्या मजल्यापर्यंत सगळे मजले, शिवाय 'दार बंद होत आहे', 'दारापासून दूर उभे राहा', 'वजन जास्त झाले आहे, शेवटी आलेल्यांनी बाहेर पडावे' अशी सात वाक्यं. एकूण बत्तीस. घरी बोलून, आवाज भरून, पाच वाजायच्या आत पाठवायचा. त्यांनी तिघींना विचारलं होतं. दोघींचे आवाज पोचले होते. माझा राहिला होता.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं. तर ऐका. जन्मल्यापासून मला सगळ्यांनी एकच वाक्य ऐकवलंय: हळू बोल. शाळेत बाई म्हणायच्या, हळू बोल, शेजारच्या वर्गाची परीक्षा चाललीय. नवरा म्हणतो, अगं, मी इथेच बसलोय. दादाने तर माझं नावच भोंगा ठेवलं, आणि चाळिशी आली तरी तो मला दुसऱ्या नावाने हाक मारत नाही. कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात चार वर्षं दारात उभं राहून 'पिशव्या काउंटरवर ठेवा' सांगायचं काम केलं. तिथे मला माईक दिला नव्हता. गरजच पडली नाही. ते दुकान बंद झालं आणि मी घरी बसले. आता पहिल्यांदाच कोणीतरी मला 'हळू बोल' न म्हणता 'बोला' म्हणत होतं. मला ते काम हवं होतं, आणि लाज सोडून हवं होतं. आठ दिवस मी न्हाणीघरात 'तळमजला, तळमजला' करत होते. आवाज गोड केला होता, विमानात बायका बोलतात तसा. मध पातळ करून ओतावा तसा.

घरात त्या वेळी आम्ही तिघंच होतो: मी, दादा आणि माझे सासरे. नवरा कामावर गेला होता.

माझे सासरे, म्हणजे बाबा, शिंपी होते. चाळीस वर्षं ओठांत टाचण्या धरून लोकांची मापं घेतली. दुकान आवरलं, टाचण्या सुटल्या, पण तोंड उघडायची सवय काही लागली नाही. बारा वर्षांत ते माझ्याशी जे बोलले ते एका पोस्टकार्डावर मावेल, आणि पत्त्याला जागा उरेल. सासूबाई होत्या तोवर त्यांच्या वाटचंही त्याच बोलायच्या. तीन वर्षांपूर्वी त्या गेल्या, आणि बाबांकडे उरलं एवढंच: "हं." भाजी छान झाली, "हं." मीठ विसरलं, "हं." मला आपलं कायम वाटायचं की या माणसाला माझा आवाज सोसत नाही, केवळ सज्जन आहेत म्हणून गप्प बसतात. हे मी कोणाला बोलून दाखवलं नव्हतं. पण रोज सकाळी त्यांना उठवायला हाक मारण्याआधी मी दाराशी थोडी घुटमळायचे.

दादाने आल्या आल्या घराचा ताबा घेतला. फ्रिज बंद केला. खिडक्या लावल्या. माझी चांगली चादर भिंतीवर टांगली, ती का विचारलं तर "आवाज भिंतीवर आपटून परत येतो" म्हणाला. मग स्टँड उभा केला, वायर स्टँडला एक वेढा देऊन वर नेली, म्हणजे कोणाचा पाय अडकला तरी माईक नाकावर येणार नाही, आणि शेवटी पेटीतून पिवळ्या फडक्यात गुंडाळलेला माईक असा काढला की मला वाटलं, आता मला मांडी घालून बसायला सांगतो की काय.

"हा डायनॅमिक," तो म्हणाला. "स्टुडिओतला नाजूक माईक आणला असता, तर शेजारच्यांचा पंखा, खालची मोटर, तुझं पोट, सगळं आलं असतं. याला तोंडाशी असेल तेवढंच ऐकू येतं. बाकीच्या जगाशी याचं घेणंदेणं नाही."

"तुझ्याच वळणावर गेलाय," मी म्हटलं.

त्याने मनावर घेतलं नाही. तीन बोटं माझ्या ओठांसमोर आडवी धरली. "एवढं अंतर. कमी नाही, जास्त नाही. 'प' आणि 'भ' आले की वारा सुटतो, म्हणून सरळ समोरून नाही, जरा बाजूने बोलायचं. जाळीवर हात ठेवायचा नाही. टिचकी मारायची नाही. फुंकर मारायची नाही. आणि हॅलो-हॅलो म्हणायचं नाही."

"चालू आहे का ते बघायला नको?"

इथे त्याचा चेहरा लाल झाला. हॅलो-हॅलो या प्रकाराचा त्याला इतका तिटकारा आहे की फोन उचलल्यावरही तो नुसतं "बोला" म्हणतो. "भोंग्या, हा माईक काल मी स्वतः उघडला, धुतला, वाळवला, स्वतः बंद केला. त्याला आता हॅलो म्हणून विचारू? आई पोराला रोज सकाळी विचारते का, तू माझाच ना म्हणून?"

त्या माईकच्या मानेवर एक स्विच असतो. भाषण ठोकणारे लोक ऐन रंगात अंगठ्याने तो बंद करतात आणि मग दादाच्या नावाने बोंब मारतात. म्हणून दादा प्रत्येक माईकच्या स्विचवर काळी चिकटपट्टी गुंडाळतो, चांगले दोन वेढे. खाली स्विच आहे हे दिसतही नाही. या माईकलाही गुंडाळली होती.

आता राहिले बाबा. बाबांना कोरडा खोकला आहे, दर चार मिनिटांनी एक, घड्याळ लावावं असा. दादा त्यांच्यासमोर उकिडवा बसला. "काका, एक जबाबदारीचं काम आहे. तुम्ही स्वयंपाकघरात बसायचं, हे हेडफोन कानाला लावून. मध्ये कुठे खरखर आली तर मला खूण करायची. एकच हेडफोन आहे माझ्याकडे, तो तुम्हाला देतोय."

काम कसलं, खोकला दाराआड घालवायची युक्ती होती. पण बाबा उठले, सदऱ्याची वरची गुंडी लावली, आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर ताठ बसले. दुकान आवरल्यापासून पहिल्यांदाच कोणीतरी काम सांगितलं होतं. दादाने हेडफोनला लांब वायर जोडून ती बाहेरच्या खोलीत आणली आणि विजेची पिन लावायला स्वतः टेबलाखाली शिरला.

"ते हेडफोन लाव गं मिक्सरला," टेबलाखालून आवाज आला.

"कुठे?"

"भोक असेल तिथे."

मिक्सर म्हणजे वहीएवढा डबा, ज्यात आवाज शिरतो आणि भरून ठेवला जातो. त्याला पुढे दोन मोठी भोकं होती. एकात माईकची वायर गेलेली. दुसरं मोकळं, आणि त्याच्या बरोबर मधोमध हेडफोनच्या जाड पिनेच्या मापाचं भोक. मी पिन घातली. खट् असं वाजलं. खट् वाजलं म्हणजे बसलं, एवढी अक्कल मला आहे, असं मला तेव्हा वाटलं.

मी सुरू केलं. तळमजला. पहिला मजला. दुसरा मजला. काय गोड बोलत होते म्हणून सांगू. माझा मलाच हेवा वाटला. मिक्सरवरचे हिरवे दिवे टपटप उड्या मारत होते आणि दादा त्यांच्याकडे बोट दाखवून मान डोलावत होता. एकदा तो पुटपुटला, "दिवे जरा मागून येतायत," पण मग "वायर लांब आहे" म्हणून त्याने स्वतःची समजूत घातली. वीस वर्षांचा अनुभव.

दहा वाक्यं झाली की तो थांबवायचा आणि दारातून डोकं घालून विचारायचा, "काका, खरखर?" बाबा मानेनेच नाही म्हणायचे. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मात्र त्यांनी तोंड उघडलं.

"अजिबात खरखर नाही," बाबा म्हणाले. "एकदम शांत."

एका दमात पाच शब्द. मी आणि दादा एकमेकांकडे बघतच राहिलो. दादा तर फुलला. "बघ, काकांना कळतं," म्हणाला.

पावणेचारला संपलं. दादाने सगळं आवरलं. वायर कोपरावर गुंडाळायची नाही, आतले पदर पिळले जातात, म्हणून हातात मोठी मोठी वेटोळी घेऊन गुंडाळली. माईक फडक्यात, फडकं पेटीत. मग पाठवायच्या आधी एकदा ऐकू या म्हणून त्याने छोटा स्पीकर जोडला आणि बटण दाबलं.

आधी काहीच नाही. मग खूप लांबून, दोन इमारती पलीकडून यावं तसं, कुठली तरी बाई म्हणाली, "तळमजला."

आणि लगेच, अगदी आपल्या कानाशी तोंड आणून, ओठ मिटलेले ठेवून, एक माणूस म्हणाला, "तळमजला. हं. असं कोण बोलतं?"

दादाने स्पीकर हलवून बघितला.

"पहिला मजला," ती लांबची बाई.

"पहिला मजला," बाबा. हो, बाबाच. "साखर किती घातलीय. चहात घालते तेवढी पुरे की."

टाचण्या ओठांत धरून चाळीस वर्षं माणूस गप्प बसला असेल असं आपल्याला वाटतं. तो गप्प नव्हता. तो ओठांच्या आतल्या आत बोलत होता, आणि अजूनही बोलत होता, सलग, न थांबता, सासूबाईंनाही लाजवील इतकं. प्रत्येक मजला माझ्या मागून म्हणायचा आणि वर शेरा मारायचा. "पाचवा मजला. घसा बसलाय का हिचा?" "हा भाऊ माणूस आहे की पोलीस? किती वेळा विचारतो. खरखर नाही. काहीच नाही यात, कान तापले नुसते. पण काम दिलंय, करायचं." "दार बंद होत आहे. असं लाजत सांगितलं तर कोण हलणार दारातून?"

मला कानात काहीतरी वाफ जमल्यासारखं झालं. म्हणजे आमची अख्खी दुपार, माझी लिफ्ट, सगळं बोंबललं होतं, आणि वर हा माणूस माझी टिंगल करत होता. मी उठून स्वयंपाकघरात जाणार, तेवढ्यात स्पीकरमधून त्यांचा खोकला आला, आणि मग ते म्हणाले:

"ही कोण बाई आणून बसवलीय? आमची कुठे गेली? सकाळी सांगते ना, बाबा, उठा, पाणी तापलंय. कसं खणखणीत. तसं सांग ना गं." मग स्टूल कुरकुरलं. "ती गेल्यापासून उठावंसं वाटत नाही खरं म्हणजे. हिची हाक आली की उठतो. नाहीतर कोणासाठी उठायचं. वजन जास्त झाले आहे. हं."

मी रडले. लपवत नाही. आणि रडतानाही माझा आवाज मोठाच निघतो, म्हणून दादाने झटकन जाळ्या पुसायचा टॉवेल माझ्या तोंडावर दाबला. टॉवेलला अध्यक्षांचा वास येत होता. दादाचे स्वतःचेही डोळे भरले होते, पण ते त्याला विचारलं तर तो साबण गेला म्हणतो.

मग तो मिक्सरकडे वळला, माझी पिन कुठे आहे ते बघितलं आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

"तू हेडफोन माईकच्या भोकात घातलास."

"तू म्हणालास भोक असेल तिथे."

"अगं, हेडफोन आणि डायनॅमिक माईक आतून सख्खी भावंडं. एक पातळ पडदा, त्याला तारेचं वेटोळं, मागे चुंबक. वेटोळ्यात वीज सोडली की पडदा हलतो आणि बोलतो, तो हेडफोन. तुम्ही बोलून पडदा हलवलात की वेटोळ्यातून वीज निघते, तो माईक. उलटा जोडलास, तो उलटा चालला. काकांनी तासभर दोन्ही कानांना माईक लावले होते, आणि त्यातून त्यांना ओ की ठो ऐकू येत नव्हतं. ऐकलं ते थेट तुझ्या तोंडून, दाराआडून."

"आणि म्हणून एकदम शांत," मी म्हटलं. "ठीक आहे, माझं चुकलं. पण मग तुझा माईक काय करत होता? मी तर त्याच्या तोंडाशी होते."

दादाने पेटी उघडली, फडकं उघडलं, आणि नखाने चिकटपट्टीचं टोक शोधलं. एक वेढा सुटला. दुसरा सुटला. खाली स्विच होता. बंद. काल धुऊन, वाळवून, स्वतः बंद केलेला, अक्षरशः.

"पोराला विचारायला हवं होतं," मी म्हटलं.

चार वाजून अठरा मिनिटं झाली होती. मी स्वयंपाकघरात गेले. बाबा तसेच ताठ बसले होते, हेडफोन कानावर, कारण काढा म्हणून त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. आणि छोटा स्पीकर काही माझ्यासारखा दाराआड पोचत नाही, त्यामुळे बाहेर आम्ही काय ऐकलं याचा त्यांना पत्ताही नव्हता. मी हलकेच हेडफोन काढला. दोन्ही कान लालबुंद झाले होते.

"खरखर नव्हती," बाबा म्हणाले.

"नव्हती, बाबा. पण पुन्हा करायचंय. आता तुम्ही बाहेर बसा. माझ्यासमोर."

"खोकला," ते म्हणाले.

"येऊ दे," दादा म्हणाला. "माझा माईक बघून घेईल."

दादाने पुन्हा सगळं मांडलं. हेडफोन या वेळी मागच्या छोट्या भोकात गेला आणि दादाच्या कानांवर चढला. स्विच चालू. चिकटपट्टी नाही. मग त्याने दाराकडे बघितलं, कोणी ओळखीचं येत नाही ना अशा नजरेने, आणि माईकजवळ तोंड नेऊन अगदी हळू म्हणाला, "हॅलो. हॅलो." मेलेल्या माणसाचा आवाज बरा असेल.

मी बाबांकडे बघितलं. मध सोडून दिला. 'बाबा, उठा, पाणी तापलंय' म्हणताना छाती जशी भरते तशी भरली, आणि म्हटलं:

"तळमजला."

बाबा खुर्चीवरून उठून उभे राहिले. डोळे अर्धे मिटलेले, हात टॉवेल शोधतोय. दादा कान धरून मागे सरकला, आवाजाचं बटण खाली ओढलं, मला तीन बोटांवरून एक वीत मागे ढकललं, आणि दातओठ खात बाबांना खुणेने खाली बसवलं. पुढे 'दारापासून दूर उभे राहा' आलं तेव्हा ते पुन्हा उठले. एकदा उठायची सवय लागली की लागली. 'अठरावा मजला'च्या पाठोपाठ खोकलाही आला, पण डायनॅमिकने त्याची दखल घेतली नाही. मी घेतली. आता मला त्या खोकल्याच्या पुढेमागे काय काय असतं ते माहीत होतं.

चार छप्पनला फाइल गेली.

नऊ दिवसांनी फोन आला. कंपनीचा माणूस म्हणाला, बाई, आधीच्या दोघी फार गोड बोलल्या, पण चाचणीच्या लिफ्टमधून कोणी बाहेरच पडेना. तुम्ही 'शेवटी आलेल्यांनी बाहेर पडावे' म्हटलंत, आणि आमचे दोन इंजिनिअर आणि साहेब, तिघंही बाहेर. मी फोनवर "धन्यवाद" म्हणाले तर तो म्हणाला, जरा हळू. सवय आहे मला.

ती पहिली फाइल दादाने पुसायला घेतली होती, मी पुसू दिली नाही. बाबांना त्यातलं आजही माहीत नाही. ते हं म्हणतात, मी हाक मारते, ते उठतात. फक्त आता हाक मारण्याआधी मी दाराशी घुटमळत नाही.

चार महिन्यांनी बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. नवी इमारत, नवी लिफ्ट, दवाखाना पाचव्या मजल्यावर. आत सात-आठ माणसं दाटीने उभी होती. एका उंच माणसाचा पाय दारात होता आणि तो बाहेरच्या कोणाशी तरी निवांत गप्पा मारत होता. तेवढ्यात वरून मी म्हणाले, "दारापासून दूर उभे राहा." म्हणजे मी नाही, ती. मी तर बाबांच्या शेजारी, पर्स पोटाशी धरून, खाली बघत होते.

उंच माणसाने पाय हलवला नाही.

आणि माझे सासरे, पोस्टकार्डवाले, गर्दीतून पुढे झाले. त्याच्या पोटरीवर छडीचं टोक टेकवलं, आणि ओठ पूर्ण उघडून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सून सांगतेय ना माझी. ऐकत जा."

पाय आत आला. दार बंद झालं. मी सगळे मजले ओळीने म्हणत गेले, आणि बाबा छताकडे बघत माझ्या मागून म्हणत गेले, या वेळी ओठ न मिटता. पाचव्यावर दार उघडलं तेव्हा मी त्यांच्या कोपराला धरलं, पण ते हलले नाहीत.

"चोविसाव्यापर्यंत जाऊन येऊ," ते म्हणाले.

डॉक्टरांकडे आम्ही वीस मिनिटं उशिरा पोचलो, आणि नंबर गेला.